एवढी एकच कुपी

विभाग नव्या इमारतीत हलायचा होता, म्हणून द्रवरूप नायट्रोजनच्या जुन्या टाकीची आवराआवर चालली होती आणि मॅडम स्वतः जाडजूड हातमोजे चढवून उभ्या होत्या. प्राध्यापकांनी असली कामं करायची नसतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगून उपयोगही झाला नसता. त्यात आज डोकं ठिकाणावर नव्हतं. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षातली त्यांची विद्यार्थिनी कालपासून तोंड लपवत होती. गोठवलेल्या कुप्यांवरचं बर्फ तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं आणि साध्या मार्करने लिहिलेली नावं बर्फाबरोबर गेली. बिननावाची कुपी फेकायची, हा विभागाचा नियम. त्यांत एका रुग्णाच्या गाठीतून मिळालेल्या पेशी होत्या, कर्करोगावर तुटून पडणाऱ्या. तो रुग्ण आता हयात नव्हता. पोरगी पीएचडी सोडायची भाषा करत होती.

मॅडमना राग आला होता, पण तो टिकेना. पंचवीस वर्षांपूर्वी याच प्रयोगशाळेत त्यांनी स्वतः हाच पराक्रम केला होता.

तेव्हा इथे पेन्सिलकाका होते. हुद्दा तंत्रज्ञाचा, रुबाब कुलगुरूंचा. कानावर कायम पेन्सिल, आणि कुप्यांची लेबलं तिनेच लिहिणार, कारण पेन्सिलचं अक्षर स्पिरिटला दाद देत नाही. विद्यार्थी त्यांना हसायचे. सगळ्यांत जास्त मॅडमच हसायच्या. त्यांना सगळंच झटपट हवं असायचं, म्हणून काकांनी त्यांचं नाव ‘घाईगडबड’ ठेवलं होतं. नावं पुसली गेली त्या दिवशी घाईगडबड जिन्यात बसून ढसाढसा रडली. काका दोन कप चहा घेऊन आले आणि शेजारच्या पायरीवर टेकले. मग त्यांनी सांगितलं की प्रत्येक विद्यार्थ्याच्या पेशींची एक कुपी ते गुपचूप बाजूला ठेवतात.

“एवढी एकच आहे, पोरी,” ते म्हणाले. “ही गेली की माझ्याकडे रडायला येऊ नकोस.”

ती कुपी उघडताना मॅडमनी श्वाससुद्धा जपून घेतला होता. त्या पेशी वाढल्या आणि त्यांच्यावरच सगळा प्रबंध उभा राहिला. तेव्हापासून प्रत्येक लेबल तीनदा वाचायची सवय जडली, ती आजतागायत. घरचे तर म्हणायचे, ही मिठाचा डबासुद्धा वाचून उघडते. पण त्या एकाच कुपीची धास्ती मनातून कधी गेली नाही. म्हणून पुढे स्वतःच्या विद्यार्थ्यांच्या त्या दोन-दोन कुप्या गुपचूप बाजूला ठेवू लागल्या. या पोरीच्याही दोन होत्या. दोन्ही तिच्या हवाली करून मोकळं व्हायचं, असं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

टाकीच्या अगदी तळाशी एक जुना डबा लागला. आत एकच कुपी होती. नायट्रोजनमधून बाहेर ती काही सेकंदच धरता येते, पण तेवढे पुरले. पेन्सिलचं अक्षर जसंच्या तसं होतं: ‘घाईगडबड, दुसरी’. खाली त्याच वर्षाची तारीख.

मॅडमनी कुपी परत बुडवली आणि त्या स्टुलावर बसल्या. काकांनी चक्क थाप मारली होती. दुसरी आहे हे कळलं असतं, तर घाईगडबड पहिलीशी तितक्या जपून वागली असती का? काकांनी तिला पुरतं ओळखलं होतं. काका जाऊन चार वर्षं झाली होती. आता भांडायचं तरी कुणाशी? त्यांना हसू आलं आणि मग डोळे भरून आले. काकांची फार आठवण आली.

डोळे कोरडे झाल्यावर त्यांनी विद्यार्थिनीला बोलावलं. ती दारातच उभी राहिली, डोळे सुजलेले. मॅडमनी तिला टाकीजवळ घेतलं आणि चिमट्याने तिच्या दोनपैकी एक कुपी वर उचलून दाखवली.

“एवढी एकच आहे, बाळ,” त्या म्हणाल्या. “ही गेली की माझ्याकडे रडायला येऊ नकोस.”

पोरीने लेबल वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा वाचलं.

ती गेल्यावर मॅडमनी तिची दुसरी कुपी काकांच्या डब्यात, आपल्या कुपीशेजारी ठेवली आणि डबा नव्या टाकीच्या तळाशी सोडला.