पाकिटासकट

माझं डोकं लवकर तापतं, हे कबूल. पण त्या दिवशी जे झालं ते डोकं तापल्यामुळे झालं, असं आत्या नातेवाइकांत सांगत फिरते, ते साफ खोटं.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण आणि आमच्या पुरुष वॉर्डची इनचार्ज सिस्टर. मला नर्सिंगला तिनेच घातलं. घरी आत्या, वॉर्डात सिस्टर, हा नियमही तिचाच. दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती आणि माझ्या वहीत एकच सही राहिली होती: नाकातल्या नळीतून औषध देणे. ती सही आत्याची. नाही मिळाली तर वर्ष गेलं.

आमच्या वॉर्डाची पद्धत अशी. सकाळी सातला सगळ्यांच्या गोळ्या पाकिटांतून काढून खाटेचा नंबर घातलेल्या वाट्यांत टाकायच्या, पाकिटं परत कपाटात. नऊला वाट्यांची ट्रॉली फिरणार. ज्याला नळी आहे त्याच्या गोळ्या खलात कुटायच्या आणि पाण्यात कालवून सोडायच्या. पुस्तक सांगतं, पाकीट तीनदा वाचा: कपाटातून घेताना, गोळी काढताना आणि परत ठेवताना. आत्या सांगते, पुस्तक लिहिणाऱ्याला चाळीस खाटा सांभाळायला बोलवा.

अकरा नंबरला शिंपीकाका होते. अर्धांगाचा झटका, घास गिळता येत नव्हता, म्हणून नळी. उशाशी दिवसभर त्यांची बायको, काकू. आदल्या दिवशी त्यांना ब्लडप्रेशरची नवी गोळी सुरू झाली. आत्याने वाटी हातात दिली, मी गोळी मन लावून मैद्यासारखी बारीक कुटली, नळीतून दिली. तासाभरात काका पांढरे पडले. प्रेशर वरचं चौऱ्याऐंशी. पाय उंच केले, सलाईन लावलं, धावपळ झाली, कसेबसे वाचले. सगळे म्हणाले, आजारच तसा आहे. संध्याकाळी प्रेशर परत एकशे नव्वदवर गेलं, म्हणून डॉक्टरांनी गोळी चालूच ठेवली.

त्या दिवशी वाट्या भरायची पाळी माझी होती. त्या गोळीचं पाकीट पहिल्यांदाच हातात आलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलं होतं: कुटू नये, चावू नये. औषध चोवीस तास हळूहळू सुटते.

काल मी त्या माणसाला दिवसभराचं औषध एका झटक्यात पाजलं होतं. आजार कसला आलाय डोंबलाचा, तो माझा हात होता.

नऊला आत्याने ट्रॉली पाहिली. "अकराची वाटी रिकामी का?"

"ती गोळी मी देणार नाही, सिस्टर."

"तू कोण ठरवणार?"

"हात माझा लागतो ना द्यायला? मग मीच."

मी पाकीट पुढे धरलं. तिने वाचलं, चष्मा वर करून परत वाचलं, आणि मला दंडाला धरून औषधांच्या खोलीत नेलं. दार लावून घेतलं.

"काल कुटली कोणी?" ती हळू आवाजात म्हणाली. "तू. नोंद झाली तर तुझ्या नावावर होईल. मी डॉक्टरांना सांगून गोळी बदलून घेते. कालचं तोंडातून काढू नकोस. सही मी आजच करते."

खोटं कशाला बोलू, क्षणभर बरं वाटलं मला. आत्या माझ्या भल्याचंच बघत होती, आणि स्वतःच्याही.

"काकूंना काय सांगायचं?" मी विचारलं.

"काही नाही. त्यांना काय कळतंय त्यातलं?"

झालं. एवढं एक वाक्य ती बोलली नसती तर कदाचित मी मूग गिळून बसलेही असते. "त्यांना कळत नाही कारण आपण पाकीट लपवतो, आत्या. मलाही काल कळलं नव्हतं."

"वॉर्डात आत्या म्हणायचं नाही."

"मग वॉर्डात आत्यासारखं वागू नका."

मी दार उघडून सरळ राउंडवर आलेल्या डॉक्टरांसमोर गेले आणि काय झालं ते सांगितलं. त्यांनी गोळी खोडली, नळीतून चालेल अशी दुसरी लिहिली, पहिला डोस दोन वाजता. चुकांच्या रजिस्टरमध्ये मी माझं नाव स्वच्छ अक्षरांत लिहिलं. आत्याने माझी वही सहीशिवाय टेबलावर टाकली. टाकू दे.

मग काकूंकडे गेले. हे सगळ्यांत जड गेलं. "काल काकांना जे झालं ते माझ्यामुळे झालं," म्हणाले, आणि पाकिटावर काय छापलं होतं, कुटल्यावर काय होतं, सगळं सांगितलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं नाही. नवऱ्याचा हात धरून बसून राहिल्या. मला वाटलं, आता ह्या ओरडतील. ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मग काकांचं पांघरूण सारखं करत म्हणाल्या, "तू जा आता." मी गेले.

दोन वाजता आत्या स्वतः वाटी घेऊन आली. मी मागे पाण्याचं भांडं धरून उभी. काकू चष्मा लावून खाटेच्या आणि आत्याच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"पाकीट दाखवा."

"बाई, बसा तुम्ही. सत्तावीस वर्षं हेच काम करतेय मी."

"करत असाल. पाकीट दाखवा आधी."

आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, की घरी गेल्यावर काय वाढून ठेवलंय ते मला तिथेच कळलं. मी मान खाली घातली नाही. काकूही हलल्या नाहीत. शेवटी आत्या वळली आणि कपाटाकडे चालायला लागली.

ती अर्ध्या वाटेवर असतानाच बारा नंबरचे आजोबा उशीवरून मान उचलून म्हणाले, "सिस्टर, जाताच आहात तर माझंही घेऊन या."