चंद्रिकाची मेढ

तलासरीच्या संस्थेत एखादी गोष्ट चालू झाली, उकळली किंवा बंद पडली, की तिथे चंद्रिका असायचीच. पाण्याची टाकी, इन्व्हर्टर, किल्ल्यांचा जुडगा, पाहुण्यांचा चहा, जीपचं डिझेल, संडासाची तुटकी कडी, सगळं तिच्याकडे. कागदावर या कामाला 'कार्यालयीन सेवा' असं भारदस्त नाव होतं. तिला विचारलं तर ती म्हणायची, "मी नसले ना, तर इथे कोणाला बसायला खुर्ची नाय मिळायची." यात खोटं काही नव्हतं. ती फक्त ते जरा जास्त वेळा म्हणायची.

यंदा केंद्रप्रमुख प्राजक्ता मॅडमनी डोळ्यांच्या शिबिराची सगळी व्यवस्था तिच्या एकटीच्या हाती सोपवली. डॉक्टर वर्षातून एकदाच यायचे. म्हातारी माणसं अंगणातल्या मांडवाखाली बसायची, एकेकाची आत तपासणी व्हायची आणि मोतीबिंदू पिकलेल्यांना त्याच संध्याकाळी बसने ऑपरेशनला न्यायचे. ज्याचं शिबिर हुकलं, त्याचं आणखी एक वर्ष अंधारात गेलं. चंद्रिकाच्या पाड्यावरचे काकड्याकाका दर वर्षी शिबिर हुकवायचे, कधी कामापायी, कधी नुसत्या हट्टापायी. आता त्यांना समोरचा माणूस आवाजावरून ओळखावा लागत होता. लहानपणी तापाने फणफणलेल्या चंद्रिकाला खांद्यावर टाकून दवाखान्यात पोचवलं होतं ते त्यांनीच. यंदा काहीही होवो, काकांना बसमध्ये बसवायचंच, असं तिने ठरवलं होतं.

घोळ झाला तो मांडवावरून. दर वर्षी शिबिराचा मांडव पाड्यावरची माणसं घालायची, लग्नाचा घालतात तसाच. घरटी एक मेढ, म्हणजे मांडवाचा खांब, आणि वर ताडाच्या झावळ्या नि जांभळीचे डहाळे. ज्याची मेढ, तो घरचा. ज्याची नाही, तो पाहुणा. मेढी कुठे रोवायच्या हे काकड्याकाका सांगायचे. दिसेनासं झालं तरी हाताने चाचपून सांगायचे. पण गेल्या वर्षी डहाळ्यांतल्या लाल मुंग्या मुंबईहून आलेल्या विश्वस्तांच्या मानेवर उतरल्या. विश्वस्त बिचारे हसले, पण चंद्रिकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हणून यंदा तिने गुजरातच्या सीमेपलीकडच्या चिमणभाईंचा भाड्याचा मंडप ठरवला. पांढरंशुभ्र कापड, कडेने झालर, खाली हिरवी जाजमं. एवढं करून ती गप्प बसली असती तर बरं. पण पाड्यावर जाऊन ती ऐटीत सांगून आली, "काका, यंदा तुमी कायच आणू नका. नुसतं येऊन बसा."

काकांची बायको बुधीबाई म्हणाली, "म्हंजे आमी पावने?"

चंद्रिकाला वाटलं, म्हातारी खूश झाली.

शिबिराच्या दिवशी उजाडल्या उजाडल्या चिमणभाईंचा फोन आला. "बेन, अच्छाडला हायवेवर कंटेनर आडवा पडलाय. माझी गाडी मागे फसली. पुढे पण जात नाय, मागे पण फिरत नाय. सांजेपर्यंत काय खरं नाय."

चंद्रिकाच्या तोंडचं पाणी पळालं. मार्चचं ऊन, अंगण उघडं बोडकं. ऑफिसच्या दोन्ही खोल्या तपासणीला लागणार होत्या, आणि डॉक्टर बोर्डीच्या मुक्कामाहून निघालेही होते.

"उन्हात म्हातारी माणसं चक्कर येऊन पडतील गं," प्राजक्ता मॅडम म्हणाल्या. "डॉक्टरांना परत जायला सांगू का?"

"तुम्ही त्यांना चहा पाजा. दोनदा पाजा. मी घातलेला घोळ आहे, मीच निस्तरते," असं म्हणून तिने पदर खोचला आणि ड्रायव्हर मिथुनला जीप काढायला लावली.

पाड्यावर पोचली तर तिथून कोणी निघालेलंच नव्हतं. काकड्याकाका ओट्यावर ऊन खात बसले होते.

"काका, शिबिराला नाय निघालात?"

"पावन्यांचं काय बाय," काका म्हणाले. "मनात आलं त येतील, नाय त नाय. घरचे असतो त कालच आलो असतो."

चंद्रिकाने कंटेनरचं रामायण सांगितलं. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग बस कापडाची वाट बगत."

एरवी चंद्रिकाने दहा उत्तरं दिली असती. आज मात्र तिला एकदम कळलं की आपण या माणसाला त्याच्याच मांडवातून बाहेर काढलं होतं. ती वळली आणि पाड्याच्या टोकाच्या आपल्या घरी गेली. मागे वालाच्या वेलाला आधार दिलेला जाडजूड खांब होता. तो तिने गदागदा हलवून उपटला. तिची आई सुकी ओरडत धावली, "अगं, वेल पडला ना माझा!" चंद्रिकाने खांब खांद्यावर टाकला आणि पाड्याच्या मधूनच, प्रत्येक दारासमोरून चालत आली. सगळे बघत होते. तिने तो काकांच्या पायाशी ठेवला.

"काका, ही माझ्या घरची मेढ. मांडव घालायचाय. मला आपल्या मांडवाची लाज वाटली, चुकलं माझं. या."

काकांनी वाकून लाकडावरून हात फिरवला. खालून वर, मग वरून खाली. चंद्रिकाचा जीव टांगणीला लागला होता.

"सागाची हाय," काका म्हणाले. "कीड नाय लागलेली." मग घरात तोंड करून त्यांनी हाक मारली, "बुधे, कोयता काढ!"

मग काय विचारता! दारादारांतून मेढी निघाल्या. पोरं ताडावर चढली, झावळ्या धडाधड खाली आल्या. बुधीबाई एकेक डहाळी जमिनीवर आपटून मुंग्या झाडत होती नि म्हणत होती, "जावा, तुमाला नाय बोलवलं." मिथुनच्या जीपवर एवढं लाकूड चढलं की जीप दिसेना. डॉक्टर आले तेव्हा मांडव अर्धा उभा होता. चहा दोनदा पिऊन झाल्यावर त्यांतल्या एकाने बाह्या सारल्या आणि दोरी धरली. काका मेढीमेढीला हात लावत फिरत होते, "ही आत घे, ती ठोक." ऊन डोक्यावर यायच्या आत अंगणभर गार हिरवी सावली पसरली.

त्या सावलीत कोणीच पाहुणा नव्हता, त्यामुळे कोणी खोळंबा झाला म्हणून कुरकुरलं नाही. कोणी पाणी आणलं, कोणी म्हाताऱ्यांना हाताला धरून आत नेलं. चंद्रिका नुसती किल्ल्या वाजवत फिरत राहिली. घाईत एक मेढ काकांनी चाचपायची राहिली, दारातली. ती चंद्रिकाने स्वतः रोवली होती.

काकांचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते. बसजवळ त्यांनी पाय मागे घेतला. "मांडव कोन उतरवील?"

"तुमीच. परत आलात की," चंद्रिका म्हणाली. "घरच्या माणसाने घरच्यांचं ऐकायचं. चढा."

काका चढले. बस दिसेनाशी झाली तशी चंद्रिका अंगणात उभी राहून हसली नि रडली, दोन्ही एकदमच. संध्याकाळी चिमणभाई पांढरं कापड घेऊन पोचले. तिने त्यांना मांडवाखाली बसवून चहा पाजला आणि कापडासकट परत पाठवलं.

मांडव तसाच राहिला. झावळ्या वाळल्या, मॅडमनी दोनदा विचारलं, पण चंद्रिका कोणाला हात लावू देईना. मग एका सकाळी काळा चष्मा लावून, कोणाचा हात न धरता, काकड्याकाका फाटकातून आत आले. त्यांनी मांडव डोळे भरून पाहिला. एकेक मेढ बघत दारातल्या मेढीपाशी थांबले. चष्मा थोडा वर केला.

"ही वाकडी कोनी रोवली?"

आपल्या कामात कोणी खोट काढली तर फाडून खाणारी चंद्रिका उलट्या पावली ऑफिसकडे पळाली आणि साऱ्या तलासरीला ऐकू जाईल अशी ओरडली, "मॅडम, बाहेर या! लवकर या! काकांना माझी मेढ वाकडी दिसली!"