पलंगापासून मोरीपर्यंत

नितेशची सात पावलं. ज्योत्स्नाच्या एकवीस सरका.

सरक म्हणजे दोन्ही तळवे पुढे टेकवायचे, अंग उचलून ओढायचं, पाय मागून येतात. तीन वर्षांपूर्वीच्या अपघातानंतर कमरेखाली तिला काही जाणवत नाही. चाकाची खुर्ची आहे. ती मोरीच्या दारातून जात नाही.

अकोल्याच्या भाड्याच्या खोलीत सासू, वच्छलाबाई, तिला उचलून मोरीत नेत. नेताना एक शब्द बोलत नसत. अमरावतीच्या नव्या घरात ज्योत्स्नाला मोरीसाठी कोणाला हाक मारायची नव्हती.

एवढंच मागणं.

*

फरशीच्या दुकानात लोक उभे राहून बघतात. ती खाली बसली.

चकचकीत टाइल. तळवा घसरला.

खरबरीत टाइल. गाऊन अडकला.

शहाबादी. "सांधे लागतात हाताले."

"भाभी, तुमी त फरशीचा इंटरव्ह्यू घेऊन राहिल्या," दुकानदार फुरकान म्हणाला.

"मंग? जन्मभराची नोकरी हाय तिची."

शेवटी त्याने व्हायनिलच्या पट्ट्या अंथरल्या. मागे गोंद, कागद सोलायचा, चिकटवायचं. मिस्त्रीची गरज नाही. दुकानात याहून स्वस्त काही नव्हतं. ज्योत्स्ना दुकानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला गेली. गिऱ्हाइकं बाजूला झाली. परत आली. धाप लागली होती आणि हसत होती.

"खालचा कोबा पुरा वाळेल पायजे, भाऊ. सिमिटात ओल राहिली त गोंद धरत नाही. कधी टाकला?"

"दोन महिने झाले," नितेश म्हणाला.

नऊ दिवस झाले होते. पण गृहप्रवेश चौदा ऑक्टोबरला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला. मोर्शीच्या पाहुण्यांना सांगून झालं होतं.

ज्योत्स्नाच्या हातात पट्टी होती. मऊ, उबदार. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

काही बोलली नाही.

*

"सरक तिकडं, मी लावतो."

"तू काहून वाकतं? मी त खालीच बसेल आहो."

दोन दिवसांत बहुतेक पट्ट्या तिनेच लावल्या.

चौदा तारीख. वंदना झाली. खीर झाली. पाहुणे गेले. ती पलंगावरून उतरली. एकवीस. दार लोटलं. आतून कडी लावली. तीन वर्षांत पहिल्यांदा.

*

फुगे. आधी एक, कपाटाजवळ. मग रांगेने. दिवाळीच्या आत पट्ट्यांच्या कडा वर आल्या. नितेशने वजनाला विटा ठेवल्या. विटांना वळसा घालून सव्वीस सरका.

एका सकाळी तिने सहज मागे वळून पाहिलं. जमिनीवर लाल रेघ. पलंगापासून थोडी पुढे सुरू होऊन तिच्यापर्यंत आलेली.

तिला काहीच लागलं नव्हतं. म्हणजे, कळलं नव्हतं.

*

डॉक्टर म्हणाले, जखम हाडापर्यंत आहे. तीन महिने पालथं झोपा. ती भरेल, कातडी मात्र पूर्वीची होणार नाही.

"मंग सरकणं?" नितेशने विचारलं.

"विसरा."

*

जानेवारी. नितेशने सगळ्या पट्ट्या उपटल्या. खाली कोबा कोरडा ठणठणीत, गोंदाचे डाग तेवढे. त्याने तळवा फिरवून पाहिला.

"आता धरेल. पुन्हा आणू का?"

"कोनासाठी?"

तो उकिडवा बसून राहिला.

"म्या खोटं सांगतलं फुरकानभाईले."

"मालूम हाय. मी तिथंच होती."

"मंग बोलली काहून नाही?"

ती पालथी होती, तोंड भिंतीकडे.

"तुह्यापेक्षा मले जास्त घाई होती," ती म्हणाली.