भुऱ्याचा वाडगा

“आज पुन्हा अर्धं टाकलंय. एवढं मऊ करून दिलं तरी याचे नखरे संपत नाहीत,” असं पुटपुटत सूनबाईंनी मला उचललं आणि नळाखाली धरलं.

मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, वाडगा आहे. माझी उमेदीची वर्षं पुस्तकबांधणीच्या दुकानात गेली. आजोबा माझ्यात पिठाची खळ कालवत. एके दिवशी ओंजळीत मावेल एवढं कुत्र्याचं भुरं पिल्लू दुकानात शिरलं आणि खळीत थोबाड घालून बसलं. आजोबा पोट धरून हसले. खळीला दुसरं भांडं आलं, मी भुऱ्याचा झालो.

बारा वर्षं त्याने मला चाटूनपुसून लख्ख ठेवलं. रोज दुकान बंद केल्यावर आजोबा बोटाला चिंधी गुंडाळून त्याचे दात घासत. आता त्याला आरसाही आणून द्या, अशी घरचे थट्टा करत. पुढे आजोबा गेले, आणि ती चिंधीही गेली.

वर्षभराने भुऱ्याचं खाणं तुटलं. तो धावत यायचा, घास घ्यायचा आणि कळवळून टाकून द्यायचा. आजोबांचे चिरंजीव डोळे पुसत सांगायचे, की भुऱ्या अजून बाबांसाठी झुरतोय. शेजारीपाजारी ती माया बघायला येत. आत्याबाईंनी लाडाने त्याचे गाल कुरवाळले, तेव्हा तो केकाटून अंगावर गेला. दुःख सोसवत नाही बिचाऱ्याला, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि जरा लांबच बसू लागले.

मला मात्र त्याचं तोंड आतून दिसायचं. हिरड्या लालभडक सुजलेल्या, दातांवर पिवळा दगडी थर, जिभेच्या कडेला जखमा. माझ्या तळाशी लाळेबरोबर रक्त उतरायचं. सूनबाई घाईघाईने ते धुऊन टाकायच्या. मी पडलो भांडं. खणखणण्यापलीकडे मला काय येतं? मित्रांनो, तुमच्या घरी मुकं जनावर असेल, तर त्याचा ओठ अधूनमधून वर करून बघा. ते स्वतःहून सांगणार नाही.

भुऱ्याचा सापळा झाला, तेव्हा कुठे त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तिथे काही खाल्लं तर, म्हणून मलाही पिशवीत घातलं. बाईंनी त्याचा ओठ वर केला आणि एकेक दात तपासला. मग म्हणाल्या, बरेचसे दात काढावे लागतील, पण याच्या अंगात भूल झेपण्याइतकी ताकद उरलेली दिसत नाही. फार उशिरा आणलंत.

चिरंजीव पुन्हा बाबांची आठवण काढू लागले. सूनबाईंनी त्यांना थांबवलं.

“अहो, पुरे आता. तो झुरत नव्हता, त्याचं तोंड दुखत होतं. वास आपल्या सगळ्यांना येत होता, आणि आपण नुसते लांब सरकत राहिलो.”