शेंदूर फासलेल्या स्प्रिंगा

या, असे जवळ सरकून बसा. बुवा तंबोरा लावताहेत, तोवर आमच्या लालबागची एक गोष्ट ऐका.

गणपतीआधीचे दिवस. रे रोडच्या भंगारगल्लीत गाड्यांची रांग. सगळ्या कोकणात निघालेल्या, सगळ्या मागच्या बाजूने खाली बसलेल्या. तिथे दौलतबाबा मोडीतल्या स्प्रिंगांना दाट शेंदूर फासून नवं आयुष्य देत. "स्प्रिंग म्हणजे गाडीची कुंडलिनी. निजलीय, मी उठवतो," म्हणत. अशी स्प्रिंग बसवली की गाडी खरंच चार बोटं वर उठे. लोक बॉनेटला हार घालत.

आमच्या चाळीतल्या लवूनेही दोन बसवून घेतल्या. दुसऱ्या दिवशी म्हातारी आई, बायको नि वर्षाची लेक घेऊन तो घाट उतरणार होता.

त्याची थोरली बहीण अंबिका आयटीआयमध्ये मोटारदुरुस्ती शिकवते. गाडीखाली वाकून तिने डिझेलचा बोळा मागितला.

"ताय, शेंदूर आसा तो," लवू हबकला. "पुसलंस तर पाप लागात."

"देवावरचा असता तर मीच हात जोडले असते. हा कशावर फासलाय ते बघू."

तिने केसातली पिन काढून त्याला पुढे-मागे वाकवायला लावली. अकराव्या खेपेला तुटली. मग दुसऱ्या पिनेला स्प्रिंगेवरचाच शेंदूर फासून ती त्याला दिली. तीही तेवढ्यातच गेली.

"स्प्रिंग दर खड्ड्याला अशीच वाकते रे. लाखो वेळा. केसाएवढी चीर पडते नि वाढत जाते. शेंदराने ती दिसेनाशी होते, बुजत नाही."

"मग गाडी वर कशी उठली?"

जॅक लावून तिने स्प्रिंगेच्या वेढ्यांत ठोकलेले रबराचे ठोकळे उपटले. तेही शेंदरी. जॅक काढताच गाडी पुन्हा बसली. स्प्रिंगेवर बोळा फिरवला तशी शेंदराची खोळ सुटली, आणि खाली बोटभर तडा. लवू लेकीकडे बघत राहिला.

दोघं रे रोडला गेली. बाबांच्या स्वतःच्या गाडीखाली काळ्या कोऱ्या स्प्रिंगा, कंपनीचं लेबलही तसंच.

"ह्यांना शेंदूर कसा नाही?" अंबिकाने विचारलं.

बाबांच्या तोंडून निघून गेलं, "मला लांब जावं लागतं."

रांगेत हे ऐकू गेलं. एकेक गाडी मागे वळू लागली.

मी रोज हरिनाम घेतो, घेत राहीन. पण लोखंडाचं आयुष्य वापरावर ठरतं, ते नामाने वाढवून मागू नये. देवाने डोळे दिलेत, तर गाडीखाली वाकून बघावं. घाट उतरताना देवाला हाक मारालच. तेव्हा डिझेलचा बोळा घेतलेल्या आमच्या अंबिकेचीही आठवण काढा.