आतून तापलेला झेब्रा

मी एक जुना झेब्रा आहे, मित्रांनो. गवत खातो तो नव्हे. धुऊन वाळत घालतात तो. माझ्या पाठीला चेन आहे आणि पोटात माणूस असतो. आमच्या ला पास शहरात गाड्या माणसांवर खेकसतात आणि माणसं गाड्यांवर, म्हणून नगरपालिकेने आम्हा झेब्र्याच्या पोशाखांना चौकाचौकांत, रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांपाशी उभं केलं. पोलिसाने शिट्टी मारली की चालक वाद घालतात. झेब्र्याने कमरेत वाकून नमस्कार केला, की पुढे काय करायचं हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

मला शिवलं वरच्या वस्तीतल्या एका शिंपिणीने. तिने झेब्रा कधी पाहिला नव्हता. मीही नव्हता, त्यामुळे आमचं छान जमलं. मला खिडकीत टांगलं तेव्हा खालून जाणारं एक गाढव जागीच थबकलं. मी थांबवलेलं ते पहिलं वाहन. त्यानंतर बस, ट्रक आणि एकदा एका मंत्र्याची गाडीसुद्धा थांबवली, पण पहिल्याचं कौतुक वेगळंच.

कामाचे नियम कडक होते. मुलांना हात धरून रस्ता ओलांडून द्यायचा, उलट बोलायचं नाही आणि भर रस्त्यात डोकं काढायचं नाही. माझ्या तोंडावर हसू शिवलेलं असल्यामुळे मला हे सगळं सहज जमायचं. अडचण पोटातल्या माणसाची व्हायची.

माझ्या पोटात बरेच जण राहून गेले, पण होसेलिनसारखी तीच. सकाळी झेब्रा, संध्याकाळी नर्सिंगचं कॉलेज. फी झेब्र्याच्या पगारातून जायची, त्यामुळे झेब्रा बंद तर कॉलेजही बंद. इतरांच्या नाकावर राग असतो, हिच्या सगळ्या अंगावर होता. मला तो आतून कळायचा. आधी मान तापायची, मग पाठीची चेन. दोनदा तिने माझं डोकं काढून चालकांना त्यांच्या खानदानाची माहिती दिली होती.

आमचे मुकादम रामिरो तिला म्हणाले, "पोरी, झेब्रा शिव्या देतो म्हटल्यावर मुलं घाबरतात."

"शिव्या मी दिल्या, काका. झेब्र्याचं डोकं माझ्या काखेत होतं."

"म्हणूनच जास्त घाबरली. आता पुन्हा झालं तर पोशाख परत करायचा."

पुढच्याच आठवड्यात, शाळेच्या वेळी, पॉलिकार्पो नावाच्या चालकाची मिनीबस थेट पांढऱ्या पट्ट्यांवर येऊन उभी राहिली. पुढे गाड्या तुंबलेल्या आणि इकडे मुलं फुटपाथवर अडकलेली. होसेलिन दाराशी गेली आणि छातीवर हात ठेवून "मागे घ्या" अशी खूण केली. दारात लटकून थांब्यांची नावं ओरडणारी पॉलिकार्पोची बायको हिलारिया हिने दार धाडकन सरकवलं. त्यात माझं शेपूट सापडलं. बस हातभर पुढे गेली. शेपूट बसबरोबर गेलं, आम्ही नाही गेलो.

दार उघडून हिलारियाने ते पुढे केलं. "घे गं, तुझं काहीतरी पडलं."

"गाढवाला पट्टे मारले म्हणून रस्ता तुझ्या बापाचा झाला का?" आतून पॉलिकार्पो म्हणाला.

माझी मान तापली. चेन तापली. होसेलिनचे दोन्ही हात माझ्या कानांवर आले. डोकं काढण्याआधी ती कान असेच धरते. फुटपाथवरून मुलं बघत होती. संपलं कॉलेज, असं मला वाटलं.

हात तसेच राहिले. मग खाली आले. तिने शेपूट घेतलं, पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली आणि चौकातली बूटपॉलिशवाली मुलं करतात तसं, शेपटाची दोन टोकं धरून चाक घासायला लागली. मन लावून. थोडा वेळ थांबून तोंडाची वाफ सोडली आणि पुन्हा घासलं. बसमधल्या आज्या हसायला लागल्या.

"अहो, मागचंही करून घ्या," हिलारिया म्हणाली.

"ए, ऊठ. लोक बघतायत," पॉलिकार्पो होसेलिनवर खेकसला.

होसेलिन उठली, कमरेत वाकली आणि आधी मागच्या चाकाकडे, मग पट्ट्यांच्या मागच्या जागेकडे बोट दाखवलं: बस तिकडे घ्या, तेही पुसून देते. आयुष्यात कधी मागे न गेलेल्या पॉलिकार्पोने गिअर टाकला आणि बस मागे घेतली. मुलं पलीकडे गेली.

दुपारी पोशाख बदलायच्या खोलीत आल्यावर तिने माझं डोकं उतरवलं, त्यात तोंड घातलं आणि जे साठलं होतं ते सगळं ओतलं. त्यात मिनीबसचे झाडून सगळे भाग आले. काही शब्द मलाही नवे होते. मी ते आजवर कुणाला सांगितलेले नाहीत, आणि याचा मला मंत्र्याच्या गाडीपेक्षा जास्त अभिमान आहे.

बाहेरून रामिरो म्हणाले, "झालं?"

"झालं, काका."

"मग उद्या वेळेवर ये."

होसेलिन आता इस्पितळात नर्स आहे. मी विरलोय, कोपरं फाटलीत आणि पट्टे राखाडी झालेत. मित्रांनो, मला उन्हात वाळवू नका, रंग उडतो. आणि रस्त्यात कुणी शांत, हसत उभं दिसलं, तर याला काही होत नाही असं समजून हॉर्न वाजवू नका. मी अशा माणसांना अगदी चिकटून राहिलोय. फार तापतात. तरी उभी राहतात, आणि मुलं पलीकडे जातात.