नवशीच्या नावाचा शंख

मोखाड्याजवळच्या पोशेरा गावची हर्षदा वारघडे पुण्यात जीवाश्मांवर पीएचडी करत होती. कच्छहून आणलेले, लाखो वर्षांपूर्वी दगड झालेले समुद्री गोगलगायींचे शंख तिच्याकडे अभ्यासाला होते. त्यांतले काही जेमतेम बोराएवढे. हे छोटे शंख म्हणजे एका मोठ्या, आधीच माहीत असलेल्या जातीची पिल्लं आहेत, असं तिच्या मार्गदर्शक बाईंचं मत होतं.

हर्षदाला ते पटेना. या शंखांच्या तोंडाची कड जाड होती, आणि कड जाड होते ती वाढ पुरी झाल्यावरच. तिने मोठ्या जातीची खरी पिल्लं शोधली आणि दोन्ही शेजारी ठेवून भिंगाखाली पाहिली. पिल्लांची कड पातळ, अंगावरचे कंगोरेही निराळे. पावसाळाभर ती मापं घेत राहिली, वर्णन लिहून खोडत राहिली. शेवटी बाईंनी स्वतः भिंगाला डोळा लावला. दोन्ही शंख त्यांनी आळीपाळीने पाहिले.

"मी चुकले होते," त्या म्हणाल्या. "ही नवी जात आहे. नाव आता तू ठेवायचंस."

दिवाळीला हर्षदा घरी आली तेव्हा तिची आई, नवशी, अंगणात नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं झोडत होती. हर्षदाने तिला सगळं सांगितलं आणि शंखाला तुझंच नाव देणार म्हणाली. नवशी हात थांबवून म्हणाली, एवढा अभ्यास तू केलास, मग तुझंच नाव लाव. हर्षदाने समजावलं, की शोधणाऱ्याने स्वतःचं नाव द्यायची रीत नाही. पण जातीच्या नावापुढे त्याचं आडनाव मात्र कायमचं लागतं.

नवशीने जरा विचार केला. "तुझं नाव मी ठेवलं होतं," ती म्हणाली. "आता माझं तू ठेव."

उन्हाळ्यात शोधनिबंध छापून आला. जगभरच्या अभ्यासकांसाठी त्या शंखाचं नाव आता लॅटिन वळणाने 'नवशीए' होतं, पुढे वारघडे.

त्या आठवड्यात मोखाड्याच्या बाजाराला जाताना नवशीने जीपमध्ये मोबाइलवरचा फोटो शेजारणीला, काळीला, दाखवला. असला शंख आपल्या डोंगरात कुठे सापडला, असं काळीने विचारलं. नवशीने सांगितलं, इथला नाही, लांब कच्छचा, आणि दगड झालेला. हजारो माणसांनी पाहिला असेल, कोणाला वेगळा दिसला नाही.

"माझ्या हर्षदाला दिसला," ती म्हणाली, आणि फोटो मागच्या बाकावरच्या बायांकडे दिला.